नाजूक संग्रह वर्षानुवर्षं टिकवायचा तर पिशवी, कागद, फोम आणि कपाट कसं निवडावं: नागपूरच्या हवेसाठी

जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, काचेच्या अत्तरदाण्या, चिनी मातीच्या बाहुल्या, काडेपेट्यांवरची लेबलं, आजोबांच्या काळातले फोटो. हातातून पडून यातलं थोडंच जातं. बरंचसं जातं ते ज्या पिशवीत, ज्या कागदात आणि ज्या कपाटात जपून ठेवलं त्यामुळे. म्हणून खरेदी करताना "हे किती मजबूत आहे" याच्या आधी "हे काय सोडतं" हा प्रश्न विचारायचा. प्लास्टिक तेलकट द्रव सोडतं, कच्चा कागद आम्ल सोडतो, प्लायवुड वाफा सोडतं, रबर गंधक सोडतं.

नागपुरात हा प्रश्न जास्तच टोकाचा होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की जुना कागद दुमडताच तुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये हीच हवा ८० टक्के आर्द्रतेच्या वर असते. मधल्या काळात घरोघरी कूलर चालतो आणि भर उन्हाळ्यात बंद खोलीत पावसाळा आणून ठेवतो. शिवाय रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांना साधारण दुपटीने वाढतो. २० अंशांच्या खोलीत १० वर्षं तग धरणारी पिशवी ४० अंशांना या हिशेबाने अडीच वर्षांतच दगा देऊ शकते. त्यामुळे थंड देशांतल्या संग्राहकांचं "आमच्याकडे काही झालं नाही" हे प्रशस्तिपत्र इथे चालत नाही.

तीन थर, आणि पैसा कुठे घालायचा

वस्तूला प्रत्यक्ष टेकतो तो पहिला थर: पिशवी, पाकीट, कापड. त्याभोवती डबा आणि भरण हा दुसरा. कपाट आणि खोली हा तिसरा. बजेट कमी असेल तर सगळा पैसा पहिल्या थरात घाला. भारी सागवानी कपाट आणि आत पीव्हीसीची पाकिटं, ही सगळ्यात वाईट जोडी. साधं लोखंडी कपाट आणि आत नीट पारखलेली पिशवी, हे कितीतरी बरं.

प्लास्टिक ओळखणं

सुरक्षित प्लास्टिक तीनच लक्षात ठेवा: पॉलिएस्टर (पीईटी, बाजारात मायलर म्हणूनही मिळतं), पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन. टाळायचं ते मुख्यतः पीव्हीसी. वस्तूवर त्रिकोणातला आकडा असेल तर काम सोपं: १ म्हणजे पीईटी, २ आणि ४ पॉलिथिलीन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी. नाण्यांच्या आणि फोटोंच्या पाकिटांवर मात्र बहुतेक वेळा काहीच छापलेलं नसतं, तेव्हा तपासणी आपणच करायची.

आधी पाण्याची चाचणी. पिशवीचा १ सेंटिमीटरचा तुकडा कापा, ग्लासभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, तुकडा चिमट्याने बुडवून त्याला चिकटलेले बुडबुडे झटका आणि सोडा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, ते वर येतात. पीईटी आणि पीव्हीसी दोन्ही तळाशी जातात. साबण टाकला नाही किंवा बुडबुडे राहिले तर पीव्हीसीसुद्धा तरंगतं आणि फसगत होते.

बुडालेल्या तुकड्याची मग तारेची चाचणी. विजेच्या तारेतली तांब्याची जाड तार १० सेंटिमीटर मोकळी करा. तिच्यावरचं आवरण स्वतःच पीव्हीसी असतं, त्याचा कणही राहू देऊ नका. तार पक्कडीत धरून गॅसच्या ज्योतीत तापवा, ज्योतीतली हिरवी छटा पूर्ण जाईपर्यंत. तापलेली तार प्लास्टिकला टेकवा म्हणजे किंचित लगदा तिला चिकटेल, आणि पुन्हा ज्योतीत धरा. ठसठशीत हिरवी ज्योत दिसली की क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. घामाच्या मिठानेही ज्योत हिरवट होते, म्हणून टोकाला बोट लावू नका. धूर विषारी असतो. गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी, मोहरीएवढ्याच लगद्यावर ही चाचणी करा आणि स्वयंपाक चालू असताना अजिबात नको.

पीव्हीसीचं नुकसान कसं दिसतं हे माहीत असलं की जुना अल्बम उघडताच कळतं. तांब्याच्या पैशावर आधी ओलसर चमक येते. मग अक्षरांच्या खोबणीत गवती हिरवा लगदा साचतो, बोट लावलं तर तेलासारखा लागतो. प्लास्टिक मऊ ठेवण्यासाठी घातलेला द्रव बाहेर झिरपतो, सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि ते तांबं खातं. चांदीच्या नाण्यांतही थोडं तांबं असतं, तेव्हा भोसलेकालीन रुपयाही यातून सुटत नाही.

लगदा ताजा असेल तर रसायनांच्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात सुगंध आणि तेल असतं. काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतकं ॲसिटोन, वर काचेचं झाकण, १०-१५ मिनिटं. मग दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून हवेवर वाळू द्या. घासू नका, एका फडक्याच्या फटक्यात नाण्याची मूळ झळाळी कायमची जाते. ज्योत, गॅस, देवाजवळचा दिवा जवळ नको. धातूवर खड्डे पडले असतील तर ते भरून येत नाहीत, पुढची झीज तेवढी थांबते. रंगवलेल्या किंवा मीना केलेल्या पदकांना हा उपाय करू नका.

कोणतं प्लास्टिक कुठे वापरायचं

शर्टच्या पॅकिंगची कुरकुर आवाज करणारी कडक पारदर्शक पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते आणि स्वस्तात चांगली ठरते. मात्र तिच्या तोंडाशी चिकटपट्टी असते. ती पट्टी कापून टाका, नाहीतर तिकीट किंवा फोटो काढताना कोपरा तिला चिकटतो. इतवारीत पॅकिंगच्या दुकानांत मोठ्या नगाने घेतली तर परवडते, पण घेण्याआधी एक पिशवी घरी आणून पाण्यात घालून बघा. रंगीत, दुधी, वास मारणाऱ्या पिशव्या पुनर्वापरातल्या प्लास्टिकच्या असू शकतात, त्या नकोत.

पॉलिएस्टर फिल्म सगळ्यात भरवशाची. पोस्टकार्ड आणि फोटोंना ५० ते ७५ मायक्रॉन पुरते, मोठ्या नकाशांना १०० मायक्रॉन. विद्युत मोटारींच्या वाइंडिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात साधी पॉलिएस्टर फिल्म मीटरवर मिळते. कागद चिकटवलेली नको, साधीच मागा. ती किंचित दुधी असते, पानांमध्ये घालायला उत्तम. एकच अडचण: या फिल्मवर स्थिर वीज साठते. खडू, कोळसा, पेस्टल यांची चित्रं किंवा पापुद्रे सुटलेला रंग तिच्या खाली ठेवलात तर भुकटी फिल्मला जाऊन चिकटेल.

लॅमिनेशन करू नका. सनद असो, जुनी पत्रिका असो, आजीचं प्रमाणपत्र असो. चिकट थर तापवून कागदात बसवलेला असतो, तो पुढे निघत नाही. चिकट पानांचे फोटो अल्बमही तितकेच वाईट: खाली गोंदाच्या रेघा, वर बहुधा पीव्हीसीचं पान. फोटो सहज निघत असतील तर आजच काढा. चिकटलेले असतील तर ओढू नका, पानासकट कापून वेगळे करा.

कागद

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन असतं, ते पिवळं पडतं आणि आम्ल सोडतं. तरी आपल्याकडे काच, चिनी माती, पितळ सगळं त्यातच गुंडाळलं जातं. हलवाहलवीच्या दोन दिवसांसाठी ठीक, दोन वर्षांसाठी नाही. सराफाकडचा गुलाबी पातळ कागदही तसाच, पावसाळ्यात ओल धरली की त्याचा रंग सुटतो. बटर पेपर जिथेतिथे सुचवला जातो, पण तो दमट हवेत सुरकुततो आणि बऱ्याचदा आम्लधर्मी असतो.

हवा तो कागद आम्लमुक्त आणि लिग्निनविरहित, सामू (पीएच) ७ ते ८.५. वेष्टनावरच्या शब्दांवर विसंबू नका, मोजा. १ ग्रॅम कागदाचे बारीक तुकडे करून ७० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात तासभर ठेवा; बॅटरीसाठी मिळतं ते पाणी चालेल. शेजारी तेवढंच नुसतं पाणी दुसऱ्या भांड्यात ठेवा. दोन्हींत सामूपट्टी बुडवा. डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून स्वतःच थोडं आम्लधर्मी होतं, म्हणून ही तुलना हवीच. कागदाचं पाणी नुसत्या पाण्यापेक्षा आम्लधर्मी दाखवलं तर तो गठ्ठा संग्रहासाठी बाद. हातकागद सुती चिंध्यांचा असला तरी खळीसाठी तुरटी वापरलेली असू शकते, त्यालाही हीच चाचणी.

एक बारकावा. काही आम्लमुक्त कागदांत कॅल्शियम कार्बोनेट मुद्दाम घातलेलं असतं, ते पुढे होणारं आम्ल मारतं. पत्रं, लेबलं, नोटा, पुस्तकं यांना हा कागद उत्तम. रेशीम, लोकर, पिसं आणि निळ्या सायनोटाइप छपाईचे नकाशे यांना तो नको; त्यांना साधा, सामू ७ च्या आसपासचा घ्या.

गोंद असलेल्या कोऱ्या तिकिटांची वेगळी काळजी. आर्द्रता वाढली की मागचा गोंद जागा होतो आणि तिकीट पानाला चिकटतं. अल्बम आडवे एकावर एक रचू नका, पुस्तकासारखे उभे ठेवा, फार दाबून नाही.

भरण: फोम, कापूस, कापड

पिवळसर स्पंज, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, दागिन्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या पेट्यांत सर्रास असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तो काही वर्षांत चुरतो किंवा चिकट होतो आणि हा चिकटा काचेच्या नक्षीतून काढणं फार जिकिरीचं. त्याऐवजी पांढरा ईपीई फोम घ्या, फर्निचरच्या आणि टीव्हीच्या पॅकिंगमध्ये येतो तो. तो पॉलिथिलीनचाच असतो. गुलाबी रंगाचा फोम स्थिर वीज टाळण्यासाठी रसायन घातलेला असतो, तो नको. बबल रॅपचे फुगे थेट वस्तूला टेकले तर उन्हात वॉर्निशवर आणि रंगावर गोल ठसे उमटतात. वापरायचाच तर फुगे बाहेरच्या बाजूला, आत मलमल, आणि तोही प्रवासापुरता.

कापडात धुतलेलं मांजरपाट किंवा मलमल. गांधीबागच्या कापड बाजारात कोरं ताग्यातलं मिळतं, पण त्याला खळ असते आणि खळ म्हणजे कसरीचं खाद्य. गरम पाण्यात थोड्या साध्या साबणाने दोनदा धुवा, साबण पूर्ण जाईपर्यंत खंगाळा. नीळ नको, फॅब्रिक सॉफ्टनर नको. रंगीत मखमल, फेल्ट, लोकर पदकांखाली नको. लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. रबर बँडचंही तेच, आणि ते उन्हाळ्यात वितळून कागदावर तपकिरी पट्टा उठवतात. बांधायला सुती नाडी.

काचेची अत्तरदाणी, एक नमुना म्हणून

१. पॉलिप्रॉपिलीनचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, अत्तरदाणीपेक्षा सगळ्या बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर मोठा.

२. २५ मिलिमीटर जाडीचे ईपीई फोमचे चौकोन डब्याच्या मापाने कापा. खाली दोन थर अखंड ठेवा. वरच्या थरांत अत्तरदाणीच्या घेरापेक्षा ५ मिलिमीटर मोठा खळगा कापा, कारण मलमलीलाही जागा लागते.

३. थर एकमेकांना चिकटवू नका. सुताराचा पांढरा गोंद वाळताना आणि नंतरही ॲसेटिक आम्ल सोडतो. दोन ठिकाणी सुती नाडीने बांधले की पुरे.

४. खळग्यात मलमल अंथरा, तिची टोकं वर येऊ द्या. अत्तरदाणी बुडाशी आणि पोटाशी टेकली पाहिजे. नळी, दांडी, झाकणाची कळी यांच्याभोवती मोकळी जागा ठेवा. भार तिथे गेला तर तडा तिथेच जातो.

५. झाकण वेगळं गुंडाळून त्याच डब्यात वेगळ्या खळग्यात ठेवा. अडकलेलं बूच सोडवण्याची घाई नको.

६. काढताना मान धरून उचलू नका. मलमलीची टोकं दोन्ही हातांनी वर घ्या, मग पोटाशी आधार द्या.

काच हाताला सतत ओलसर, निसरडी लागत असेल किंवा तिच्यावर बारीक जाळं दिसत असेल तर तिला घट्ट डबा नको. अशा काचेला ४० टक्क्यांच्या आसपासची स्थिर, खेळती हवा मानवते.

कपाट आणि जागा

एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि नवं प्लायवुड फॉर्मल्डिहाइड आणि सेंद्रिय आम्लांच्या वाफा सोडतात. शिशाची खेळणी, शंख-शिंपले आणि कांस्य यांना ते सगळ्यात आधी बाधतं. शिशावर पांढरी भुकटी दिसली की कपाटच बदला. पावडर कोटिंग केलेलं लोखंडी कपाट सगळ्यात चांगलं. साध्या ऑइल पेंटचं असेल तर दारं उघडी ठेवून रंगाचा वास पूर्ण जाऊ द्या, त्याला महिनाभर लागला तरी लागू द्या. लाकडीच वापरायचं असेल तर वस्तू लाकडावर थेट न ठेवता झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यांत ठेवा. फटी बुजवायला सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, न्यूट्रल प्रकारचं घ्या.

माळा आणि वरच्या मजल्याचा स्लॅब सोडा, तिथली उष्णता रात्रीही उतरत नाही. पश्चिमेची भिंत सोडा. कूलरच्या झोताची खोली सोडा. आतली भिंत, तिच्यापासून चार बोटं अंतर, जमिनीपासून १० सेंटिमीटर उंची, म्हणजे वाळवीची माती चढली तर दिसते.

डांबराच्या गोळ्या घालू नका. त्यांची वाफ थंड झाल्यावर वस्तूवर पुन्हा स्फटिक होऊन बसते, आणि पॅराडायक्लोरोबेंझीनच्या गोळ्या प्लास्टिक मऊ करतात. कापूर नको, कडुलिंबाचा पाला नको. पाल्याची ओल आणि डाग कागदात उतरतात. कसरीवरचा उपाय म्हणजे घट्ट झाकण, कोरडी हवा आणि अधूनमधून झाडलोट.

ओल मोजणं आणि आवरणं

आधी आर्द्रतामापक. स्वस्तातला डिजिटल चालतो, फक्त तपासून घ्या. बाटलीच्या टोपणात मीठ, त्यावर थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूइतकं दाट. टोपण आणि मापक एका झिप पिशवीत १२ तास बंद ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता होते. मापक ८० दाखवत असेल तर त्याच्या आकड्यातून ५ वजा करायचे, एवढंच.

धातूंना ४० टक्क्यांच्या खाली, कागद आणि फोटोंना ३५ ते ५०. ६५ च्या पुढे बुरशीची भीती सुरू होते. सिलिका जेलच्या चिमुकल्या पुड्या मोठ्या डब्यात काहीही करत नाहीत. संग्रहालयांतला जुना ठोकताळा घनमीटरला २० किलो. म्हणजे २० लिटरच्या घट्ट डब्यात ४०० ग्रॅम. नारिंगी जेल घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. रंग बदलला की ११०-१२० अंशांना दोन-तीन तास तापवा आणि झाकणाच्या बरणीत गार करा, उघड्यावर गार केली तर गार होईतो पुन्हा ओल ओढते. जेल मलमलीच्या पिशवीत, वस्तूला न टेकता.

नाण्यांच्या डब्यात पूर्ण तापवलेली जेल चालते. फोटो आणि कागदाला ती अती कोरडी पडते, फोटोंच्या कडा वळतात. त्यांच्यासाठी तीच जेल डिसेंबरच्या दुपारी मापक ४५ च्या आसपास असताना ताटात पसरून ठेवा, संध्याकाळी झाकून टाका, असं आठवडाभर. मग ती ओल ओढतेही आणि सोडतेही, डब्यातला आकडा फार हलत नाही.

डबे भरायचा हंगामही हाच: नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी, कोरड्या दुपारी. पावसाळ्यात डबा बंद केला तर ओलीच हवा आत कोंडली जाते. मे महिन्यात कागद इतका कडक असतो की पाकिटात सरकवतानाच कोपरे मोडतात.

कोण कोणाशेजारी नको

सेल्युलॉइडच्या बाहुल्या आणि जुने कंगवे स्वतःच आम्ल सोडतात. त्यांना घट्ट डबा नको, भोकं पाडलेला आम्लमुक्त पुठ्ठ्याचा खोका, तोही धातू आणि कागदापासून दूर. निगेटिव्हमधून व्हिनेगरचा वास आला तर ती गुंडाळी लगेच बाकीच्यांतून वेगळी करा. तिच्या वाफेने शेजारची फिल्मही त्याच वाटेला जाते. १९५० च्या सुमारापर्यंतची ३५ मिलिमीटर सिनेमाची फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती उष्णतेने पेट घेते. नागपूरच्या घरात ती ठेवूच नका. डबा गार, हवेशीर जागी, माणसांपासून दूर हलवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला.

प्रत्येक डब्यावर मऊ पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाहेरून बांधा: आत काय, कोणतं प्लास्टिक, कोणता कागद, जेल कधी तापवली. वर्षातून दोनदा डबे उघडा, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि दिवाळीनंतर. आधी वास घ्या, मग तळाशी भुकटी आहे का बघा, मग मापकाचा आकडा चिठ्ठीवर टिपा. आंबूस, व्हिनेगरसारखा किंवा नव्या रेनकोटसारखा वास आला तर त्या डब्यातलं सगळं भरण बदला, एकच पिशवी बदलून भागवू नका.